युनियनच्या निवडणुकीला उभं राहायचंय? फॉर्म भरण्याआधी हे ऐका

मागच्या शनिवारच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. ज्यांना ऐकायला जमलं नाही, ज्यांचा डेटा दुपारीच संपतो, आणि ज्यांना ड्युटीवर हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. आपला एक श्रोता, वय सव्वीस, वर्धा जिल्ह्यात केंद्र सरकारच्या एका आस्थापनेत टेक्निशियन. नाव आणि खातं सांगू नका म्हणाला, म्हणून सांगत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "दादा, आमच्या युनियनची निवडणूक लागतेय. सोबतची पोरं म्हणतात, शाखा सचिवाचा फॉर्म तू भर. घरचे म्हणतात, एवढ्या मुश्किलीनं सरकारी नोकरी लागली, कशाला नसत्या भानगडीत पडतो. मला ना कायदा माहीत, ना युनियनची घटना. उभं राहू का नको?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे त्या पोराची नोकरी आहे, घर आहे, आणि ज्यांनी त्याला पुढे केलं त्यांचा भरवसा आहे. म्हणून आज घाई न करता बोलू.

आधीच सांगतो, मी वकील नाही, कामगार नेता तर मुळीच नाही. बीटेक केलं आणि सॉफ्टवेअर कंपनीत कोड लिहितो. आमच्या क्षेत्रात युनियन हा शब्दसुद्धा लोक आवाज खाली करून उच्चारतात. पण मी वर्ध्याचा. मोठे काका रेल्वेत होते, आणि आमच्या घरात युनियनची पावतीपुस्तकं भिंतीवरच्या फळीवर असायची. त्यामुळे विषय परका नाही. आणि कायदा वाचायला बसलो तर लक्षात आलं की तोही कोडसारखाच आहे. अट काय, अट पूर्ण झाली तर काय, अपवाद कुठे. नीट वाचला तर समजतो.

पहिली गोष्ट: निवडणुका दोन प्रकारच्या असतात

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. एक निवडणूक असते युनियन निवडण्याची. म्हणजे व्यवस्थापनानं कुठल्या युनियनशी बोलायचं, मान्यता कोणाला, हे ठरवण्याची. दुसरी असते युनियनच्या आतली. अध्यक्ष कोण, सरचिटणीस कोण, खजिनदार कोण, शाखा सचिव कोण, हे ठरवण्याची. आपल्या श्रोत्याचा प्रश्न दुसरीबद्दल आहे, पण पहिली समजल्याशिवाय दुसरीचं वजन कळत नाही.

पहिलीचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या दारातलंच आहे. वर्धा आणि सेवाग्राम ही स्टेशनं मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. सेवाग्राम म्हणजे जुनं वर्धा पूर्व. इथे मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही वाटांच्या गाड्या येतात, त्यामुळे रेल्वे कामगारांची वस्ती इथे जुनी आहे. भारतीय रेल्वेत युनियनची मान्यता गुप्त मतदानानं ठरवायची पद्धत २००७ मध्ये सुरू झाली. पुढचं मतदान २०१३ ला झालं. त्यानंतरचं थेट ४, ५ आणि ६ डिसेंबर २०२४ ला. मध्ये अकरा वर्षं गेली. देशभरात सुमारे १२ लाख मतदार होते. नियम असा की एकूण मतदारांच्या ३० टक्के किंवा झालेल्या मतदानाच्या ३५ टक्के मतं मिळवणाऱ्या युनियनला मान्यता. मध्य रेल्वेत जुनी आणि मोठी नावं दोन: नॅशनल रेल्वे मजदूर युनियन आणि सेंट्रल रेल्वे मजदूर संघ. पहिली एआयआरएफशी जोडलेली, दुसरी एनएफआयआरशी.

आता बघा. एखाद्या गँगमननं त्या तीन दिवसांत मत दिलं ते युनियनला, माणसाला नाही. पण क्वार्टरचं छप्पर गळतंय, बदलीचा अर्ज अडकलाय, ओव्हरटाइम निघत नाहीये, तेव्हा तो जातो कोणाकडे? शाखा सचिवाकडे. मान्यता युनियनला मिळते, तिचा चेहरा मात्र शाखेतला माणूस असतो. पुढच्या वेळी युनियनला मतं पडतील की नाही, हे त्या एका माणसाच्या वागण्यावर बरंच ठरतं. शाखा सचिव हे छोटं पद आहे असं कोणी म्हटलं, तर त्याला हे सांगा.

उभं कोण राहू शकतं?

कायदा सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचा, १९२६ चा ट्रेड युनियन कायदा या सगळ्याचा पाया होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० नं घेतली. पण पदाधिकाऱ्यांबद्दलच्या मूळ अटी फारशा बदललेल्या नाहीत.

वय १८ पूर्ण पाहिजे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन तुरुंगात गेलेला माणूस, सुटून पाच वर्षं होईपर्यंत पदाधिकारी होऊ शकत नाही. मंत्रिमंडळातला मंत्री युनियनचा पदाधिकारी होऊ शकत नाही. आणि संघटित क्षेत्रात बाहेरचे पदाधिकारी, म्हणजे त्या उद्योगात काम न करणारे, एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यापैकी जो आकडा लहान असेल त्याहून जास्त नसावेत. हे बंधन २००१ च्या दुरुस्तीतून आलं. त्याआधी अर्ध्यापर्यंत बाहेरचे चालत होते.

या "बाहेरच्या" नियमावर पोरं नेहमी भांडतात. एक म्हणतो, नेता आपल्यातलाच पाहिजे, ज्यानं हातात पाना धरलाय. दुसरा म्हणतो, आपल्यातला माणूस साहेबासमोर कसा बोलेल, त्याचा सीआर तर साहेबच लिहितो. दोघांचंही खरं आहे. म्हणून कायद्यानं मधला रस्ता काढला: बाहेरचे असू द्या, पण बहुमत आतल्यांचं पाहिजे.

हे झालं देशाच्या कायद्याचं. त्याखाली प्रत्येक युनियनची स्वतःची घटना असते. किती महिने सभासद असल्यावर उभं राहता येतं, वर्गणी थकली तर मताचा हक्क जातो का, मतदान चिठ्ठीनं की हात वर करून, कार्यकारिणीची मुदत किती, पदावरून काढायचं कसं, हे सगळं त्यात असतं. पदाधिकारी कसे नेमायचे आणि कसे काढायचे हे घटनेत लिहिलेलं नसेल तर युनियनची नोंदणीच होत नाही. म्हणजे "आमच्याकडे असं काही लिहिलेलं नाही" असं कोणी म्हणत असेल, तर एक तर त्यानं वाचलेलं नाही, नाही तर तुम्ही वाचू नये अशी त्याची इच्छा आहे.

एक सावधगिरी. सगळ्या सरकारी नोकऱ्या या कायद्यात बसत नाहीत. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनांसाठी १९९३ चे वेगळे मान्यता नियम आहेत. तिथे एका प्रवर्गातल्या किमान ३५ टक्के कर्मचाऱ्यांचं सभासदत्व लागतं, आणि ते पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवरून मोजतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आमची संघटना नोंदणीकृत ट्रेड युनियन आहे की सेवा संघटना? या उत्तरावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

वर्गणी, मतदार यादी आणि हिशोब

कोडमध्ये एक शिकवण असते: आउटपुट चुकतोय तर आधी इनपुट तपासा. युनियनच्या निवडणुकीत इनपुट म्हणजे मतदार यादी. वाद बहुतेक वेळा तिथेच पेटतो. ज्यांची वर्गणी वेळेवर जमा झाली नाही ते यादीतून गळतात. बदलून आलेले दोन्हीकडे नसतात. निवृत्त झालेले मात्र राहून जातात.

आमच्या काकांचं एक होतं. वर्गणी गोळा करताना ते पावती त्याच जागी फाडून द्यायचे, उद्या देतो म्हणायचे नाहीत. लहानपणी मला त्याचं कौतुक वाटायचं नाही, उलट कंटाळा यायचा, कारण शिक्का मारायचं काम माझ्याकडे असायचं. आता कळतं, ती पावती म्हणजे त्या माणसाचा मतदानाचा हक्क होता.

आणि हिशोब. नोंदणीकृत युनियनची हिशोबाची वही आणि सभासदांची यादी बघायचा हक्क सभासदाला कायद्यानं आहे. साध्या सभासदालाही. म्हणजे उमेदवार होण्याआधीच तुम्ही हे मागू शकता. मागताना भांडणाच्या सुरात मागू नका, लेखी मागा, पोच घ्या. युनियनचा पैसा कशावर खर्च करता येतो हेही कायद्यानं ठरवलंय. राजकीय कामासाठी वेगळा निधी ठेवावा लागतो आणि त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही.

निवडणूक झाल्यावर "खरे पदाधिकारी आम्ही" असं दोन गट म्हणायला लागले तर? महाराष्ट्रात हे इतकं व्हायचं की १९२६ च्या कायद्यात राज्यानं खास दुरुस्ती करून असे वाद औद्योगिक न्यायालयात नेण्याची सोय केली होती. नव्या संहितेत असे वाद औद्योगिक न्यायाधिकरणापुढे जातात. पण कोर्टकचेरीत वर्षं जातात आणि तोवर कामगारांचं कोणीच ऐकत नाही. म्हणून यादी आधी, प्रचार नंतर.

१९७३: एक निवडणूक आणि तिच्या मागून आलेलं सगळं

आता इतिहासाकडे. एका युनियनच्या अध्यक्षपदाची निवडणूक किती दूर जाऊ शकते, याचं आपल्याकडे एक ठळक उदाहरण आहे.

एआयआरएफ, म्हणजे ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशन, १९२४ सालची संघटना. जयप्रकाश नारायण कधीकाळी तिचे अध्यक्ष होते. १९७३ मध्ये अध्यक्षपदावर होते पीटर अल्वारिस. गोवा मुक्तीच्या लढ्यातले समाजवादी नेते, अनुभवी, वाटाघाटीचा माणूस. त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस.

जॉर्ज मूळचे मंगळूरचे, पण घडले मुंबईत. टॅक्सीवाले आणि महापालिकेचे कामगार यांच्यात काम केलेलं. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत दक्षिण मुंबईतून त्यांनी स. का. पाटलांना हरवलं. गंमत बघा, पाटील त्या वेळी केंद्रात रेल्वेमंत्री होते. रेल्वेमंत्र्याला हरवणारा माणूस सहा वर्षांनी रेल्वे कामगारांच्या सगळ्यात जुन्या फेडरेशनचा अध्यक्ष झाला. आणि जॉर्ज रेल्वेत नोकरीला कधीच नव्हते. म्हणजे पक्के "बाहेरचे".

त्या वेळी कामगारांमध्ये काय चाललं होतं? महागाई भयंकर होती. इंजिनावरच्या लोकांना सलग कितीही तास काम करावं लागायचं, आठ तासांची ड्युटी ही त्यांची मोठी मागणी होती. सरकारी उपक्रमांतल्या कामगारांना बोनस मिळायचा, रेल्वेवाल्यांना नाही. लोकांना वाटलं, जुनं नेतृत्व फार सबुरीनं घेतंय. या नाराजीवर जॉर्ज जिंकून आले.

पण नाराजीवर जिंकलेल्या माणसाला परतीचा रस्ता अरुंद असतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये वेगवेगळ्या संघटनांची मिळून एक समन्वय समिती झाली. बोलणी चालू असतानाच, २ मे ला, जॉर्ज यांना अटक झाली. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांच्या रेल्वेतला हा संप वीस दिवस चालला. एनएफआयआर त्यात नव्हती. हजारोंना अटक झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, रेल्वे क्वार्टरमधल्या कुटुंबांना बाहेर काढण्याचे प्रकार झाले. मे महिन्याच्या अखेरीस संप बिनशर्त मागे घ्यावा लागला.

मग संप फुकट गेला का? तेही पूर्ण खरं नाही. १९७७ ला सरकार बदललं. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि संपात काढलेल्या कामगारांना परत घेतलं गेलं. रेल्वेत उत्पादकतेशी जोडलेला बोनस १९७९-८० पासून सुरू झाला. ज्या मागणीसाठी लोक तुरुंगात गेले, त्यातली एक मागणी पाच वर्षांनी पूर्ण झाली. पण त्या मधल्या काळात ज्या घरात पगार आला नाही, तिथे ते दिवस कसे काढले असतील, हे आकड्यांत येत नाही.

मी हे जॉर्ज बरोबर की अल्वारिस, हे ठरवायला सांगत नाहीये. त्यावर आजही जुनी माणसं भांडतात. मुद्दा एवढाच: प्रचारात तुम्ही जे बोलता ते नंतर तुम्हाला चालवावं लागतं, आणि त्याची किंमत फक्त तुम्ही नाही, तुमच्या मागे उभे असलेले सगळे मोजतात.

याच्या उलट एक जुनं उदाहरण. वर्ध्याला यायच्या कितीतरी आधी, १९१८ मध्ये, गांधीजी अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात होते. प्लेगच्या काळातला बोनस बंद झाला होता. कामगार ५० टक्के पगारवाढ मागत होते, मालक २० टक्क्यांवर अडले होते. गांधीजींनी काय केलं? आधी आकडे तपासले, इतर ठिकाणचे दर पाहिले, आणि कामगारांना ३५ टक्क्यांच्या मागणीवर आणलं. मग मात्र त्या आकड्यावरून हलायचं नाही अशी शपथ घेतली. शेवटी स्वतः उपोषणही केलं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि लवादानं ३५ टक्केच दिले. आधी मोजा, मग मागा, मग मागे हटू नका. शाखा सचिवाच्या पातळीवरही हे चालतं.

निवडून आलात तर नोकरीचं काय?

घरच्यांच्या मनात हाच प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे.

कायद्यात "संरक्षित कामगार" अशी एक तरतूद आहे. नोंदणीकृत युनियनच्या काही पदाधिकाऱ्यांना हा दर्जा मिळतो. आस्थापनेतल्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त शंभर. औद्योगिक वाद चालू असताना अशा कामगाराच्या सेवाशर्ती त्याच्या नुकसानीच्या बदलायच्या, त्याला शिक्षा करायची किंवा काढायचं, तर ज्या अधिकाऱ्यापुढे वाद चालू आहे त्याची लेखी परवानगी आधी लागते.

ऐकायला भारी वाटतं, पण अटी वाचा. हे संरक्षण वाद प्रलंबित असतानाचं आहे. ते आपोआप मिळत नाही, युनियननं नावं कळवावी लागतात. आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याला ते मिळेलच असं नाही, जागा मोजक्या असतात. तेव्हा "निवडून आला की कोणी हात लावू शकत नाही" असं कोणी सांगितलं तर त्यावर नोकरी टांगू नका. स्वतःची हजेरी, स्वतःचं काम चोख ठेवा. ड्युटीवर उशिरा येणाऱ्या सचिवाला साहेब घाबरत नाही, आणि सोबतचे लोकही मनातून मानत नाहीत.

दुसरी गोष्ट, वेळ. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत कार्यसमिती नेमायचा आदेश सरकार देऊ शकतं. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असून चालत नाही. तिथे बसायचं तर कागद वाचावे लागतात. शिफ्टनंतर, घरी, पोरगं झोपल्यावर. हे घरी आधीच बोलून घ्या. बायकोला निकालाच्या दिवशी सांगण्याची ही गोष्ट नाही.

यादीत ज्यांचं नावच नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा.

आपल्या जिल्ह्यात पुलगावला लष्कराचा केंद्रीय दारूगोळा साठा आहे, देशातला सगळ्यात मोठा. ३०-३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री तिथे आग लागली, त्यात लष्करी अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी गेले. वर्ध्यात ती रात्र कोणी विसरलेलं नाही. मग २० नोव्हेंबर २०१८ ला, मुदत संपलेला दारूगोळा निकामी करायच्या मैदानावर स्फोट झाला. सहा जण गेले. त्यातले बहुतेक आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते.

त्या मजुरांची नावं कुठल्या युनियनच्या मतदार यादीत असतात? कायम कामगारांच्या संघटनेत कंत्राटी मजूर बहुतेक वेळा सभासद नसतो. त्याचं मत नाही, म्हणून त्याचा प्रश्न कोणाच्या जाहीरनाम्यात नाही. पण पेट्या उतरवायला, खड्ड्याजवळ उभं राहायला तोच असतो. हे फक्त पुलगावचं नाही. वीज खात्यात, एसटीत, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे कायम लोक कमी होतायत आणि कंत्राटी वाढतायत. नव्या संहितेत एका युनियनला एकटीनं वाटाघाटी करायच्या तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणालाच नसेल, तर २० टक्के किंवा त्याहून जास्त पाठिंबा असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद होते. म्हणजे हजेरीपटावर कोण आहे आणि कोण नाही, याला आता आणखी महत्त्व आलंय.

सव्वीस वर्षांचा उमेदवार जुन्यांपेक्षा वेगळं काय करू शकतो, असं मला विचाराल तर मी हेच सांगेन. ज्यांचं मत मिळणार नाही अशा माणसांच्या सुरक्षेचा एक तरी मुद्दा पत्रकात लिहा. हेल्मेट, बूट, प्रशिक्षण, अपघात विमा, काहीही, पण लिहा. निवडणुकीत त्याचा फायदा होणार नाही. तरी लिहा.

प्रचार कसा करायचा

आता थोडं हातातलं बोलू.

व्हॉट्सअप ग्रुपवर निवडणूक जिंकता येत नाही. तिथे अंगठे येतात, मतं येत नाहीत. प्रत्येक शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहा, रात्रपाळीलासुद्धा. ज्या सेक्शनमध्ये तुमच्या ओळखीचं कोणी नाही तिथे आधी जा.

पत्रकात तीनच मुद्दे ठेवा, आणि ते शाखेच्या हातातले ठेवा. "जुनी पेन्शन आणून देतो" हे शाखा सचिवाच्या हातात नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातल्या लाखो कर्मचाऱ्यांनी त्यासाठी सात दिवस संप केला, तरी तो प्रश्न एका फटक्यात सुटला नाही. "प्रत्येक तक्रारीची लेखी पोच आणि पंधरा दिवसांत उत्तर" हे मात्र तुमच्या हातात आहे.

समोरच्या उमेदवाराच्या घरगुती गोष्टींवर बोलू नका. राजेहो, निवडणूक एक दिवसाची असते, त्याच माणसासोबत पुढची तीस वर्षं डबा खायचा असतो. तुम्ही हरलात तर त्याच्याकडेच तुमचं काम घेऊन जावं लागेल, आणि जिंकलात तर तो तुमच्याकडे येईल.

तक्रारींची एक साधी शीट बनवा. तारीख, विषय, कोणाकडे पाठवली, काय उत्तर आलं. पण एक लक्षात ठेवा, लोकांचे आजार, कर्ज, घरचे वाद हे सगळं सचिवाकडे येतं. ती शीट ग्रुपवर टाकायची नसते. आमच्या कामात म्हणतात, ज्याला जेवढं लागतं तेवढाच ॲक्सेस द्या. इथेही तेच.

आणि पहिल्या दिवसापासून दुसरा माणूस तयार करा. सगळं एकाच्या डोक्यात असलेली शाखा त्याच्या बदलीच्या ऑर्डरसोबत बंद पडते.

मग उभं राहायचं की नाही?

माझ्या मते तीन प्रश्नांची उत्तरं आधी शोधा. घटना आणि मतदार यादी तुम्ही स्वतः वाचली आहे का? पोरं तुम्हाला पुढे करतायत ती तुमच्यावर विश्वास आहे म्हणून, की त्यांना स्वतः पुढे यायचं नाही म्हणून? आणि हरलात तरी पुढचं वर्षभर लोकांची कामं कराल का?

तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर फॉर्म भरा. ते नाही असेल तर पहिल्या दोन उत्तरांना अर्थ उरत नाही, कारण पद मिळालं तरी काम तेच करायचं आहे.

त्या श्रोत्याला मी घटनेची प्रत मागायचा अर्ज कसा लिहायचा ते पाठवलंय. तुम्हालाही हवा असेल तर हा नमुना घ्या: "मी आपल्या युनियनचा सभासद असून माझी वर्गणी भरलेली आहे. युनियनच्या घटनेची प्रत आणि शाखेची सभासद यादी पाहण्यासाठी मिळावी, ही विनंती." खाली सही, तारीख, पावती क्रमांक. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, आणि ती जपून ठेवा.

पुढच्या एपिसोडमध्ये पीएफच्या पासबुकातल्या नोंदी कशा वाचायच्या ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, दोन मिनिटांच्या आतला. भेटू शनिवारी.